फटफटी बंद करायला अकोल्याला

मुलांनो, आधी डोळे मिटा. कोणी कोणाकडे पाहून हसायचं नाही, मीही मिटले आहेत. आता एक अंगण डोळ्यांपुढे आणा. वैशाखातलं, सकाळी नऊलाच तापलेलं. एका कडेला बाजेवर पांढऱ्याशुभ्र कुरडया वाळत घातल्या आहेत. मधोमध खाकी रंगाची, गोऱ्ह्याएवढी एक फटफटी स्टँडवर उभी आहे आणि धडधडते आहे. भिंतीतली खुंटी हलते आहे, रांजणातलं पाणी थरथरतं आहे, आणि माणसं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत आहेत. सगळ्यांना एकच गोष्ट हवी आहे, ती गाडी बंद व्हावी. आणि ती कोणालाच बंद करता येत नाही.

आलं डोळ्यांपुढे? आता त्या गाडीशेजारी कोट-पायजमा घातलेला, पण डोक्यावर टोपी नसलेला एक मास्तर उभा करा. टोपी का नाही ते पुढे येईलच. तो मास्तर म्हणजे मी, देवमन मास्तर. साल बासष्ट किंवा त्रेसष्ट. आता डोळे उघडले तरी चालेल, कारण माझे त्या दिवशी चांगलेच उघडले होते.

लष्कराच्या लिलावातून फिरत फिरत अमरावतीत माझ्या हाती आलेल्या त्या गाडीला मुळात किल्लीच नव्हती. लष्करात गाड्या चोरीला जात नसाव्यात. किंवा गेलीच तर ती शत्रूने न्यावी आणि सुरू करता करता दमून शरण यावं, असा काही डाव असावा. हँडलवर अंगठ्याजवळ एक काळं बटन होतं. ते दाबून धरलं की इंजिन दोन उचक्या देऊन गप्प बसायचं. इतकी सोपी गोष्ट होती. पण सोपी गोष्ट आमच्या गल्लीत फार दिवस टिकत नसे.

पहिला आक्षेप शेषरावांनी घेतला. शेषराव तहसील कचेरीत कारकून होते, आणि रविवारी गल्लीलाच कचेरी समजून चालत.

"मास्तर, चाबी नाही तं या गाडीचा मालक कोन?"

"मी."

"कशावरून? ज्याचा अंगठा बटनावर तो मालक, असंच झालं ना हे? उद्या कोनी बसून गेला तं काय दाखवान? अंगठा?"

मी अंगठा खिशात घातला. कायद्याच्या माणसापुढे उगाच पुरावा कशाला ठेवा.

दुसरा आक्षेप घरातून आला आणि तो जास्त खोल होता. माझ्या आईच्या, म्हणजे चतुराबाईच्या लहानपणी त्यांच्या घराला कुलूप नव्हतं, कारण आत कुलूप लावण्यासारखं काही नव्हतं. मला नोकरी लागली तेव्हा पहिली पत्र्याची पेटी आली. मग दाराला कुलूप आलं, मग लाकडी कपाट आलं. या तीन किल्ल्यांचा जुडगा आई कमरेला खोचायची, आणि तो वाजावा अशाच बेताने चालायची. तीन किल्ल्या म्हणजे तिचे तीन दागिने होते.

"ज्या वस्तूले चाबी नाही ते आपली कशी रे, देवमन?" ती म्हणाली. "ते तं कोनाचीबी. रस्त्यावरच्या नळासारखी."

म्हणून मी गाडी सत्तारभाईंकडे नेली. अब्दुल सत्तार हे इतवारा बाजारातले फटफटीचे डॉक्टर. रोग सांगण्याआधीच ते ऑपरेशन सुरू करत. भंगारातल्या एका ट्रकचं किल्लीचं कुलूप काढून त्यांनी माझ्या गाडीला बसवलं. किल्ली डावीकडे फिरवली की गाडी सुरू होऊ शकते, उजवीकडे फिरवली की बंद. कुलूप इतकं झिजलेलं होतं की किल्ली डावीकडे असो वा उजवीकडे, ओढली की हातात यायची. मी शंका काढली, तर सत्तारभाई म्हणाले, "अच्छाच है ना मास्टरसाब. अटकेगी तो नई."

"आणि हे बटन?"

"अब बटन का क्या काम? चाबी आ गई ना. एक काम कू दो-दो आदमी कायकू रखना?" असं म्हणून त्यांनी बटनाची तार सोडवली आणि भंगारातलाच एक भोंगा बसवून त्याला जोडून दिली. माझ्या गाडीला त्याआधी भोंगा नव्हता. मला वाटलं, एका फेरीत दोन कामं झाली.

घरी आल्यावर आईने किल्ली हातात घेऊन उन्हात धरली, फुंकली, आणि जुडग्यात ओवली. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी गाडी दारात थांबली की आई बाहेर यायची, किल्ली काढायची, कमरेला खोचायची. सकाळी मला काढून द्यायची. हा आमच्या घरचा नियमच झाला.

आता यात वच्छी कुठे येते ते सांगतो. वच्छला माझी मुलगी, तेव्हा तिसरीत होती. तिचं एकच मागणं असायचं, फटफटीवरून अकोल्याला आत्याकडे जायचं. आणि माझं एकच उत्तर असायचं, परीक्षा झाली की. परीक्षा व्हायची. मग मी म्हणायचो, ऊन उतरलं की. ऊन उतरायचं. मग मी म्हणायचो, रस्ता सुकला की. तिला मी गाडीवरून गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन परत आणत असे आणि वडिलांचं कर्तव्य केल्याच्या समाधानात राहत असे.

आणि आमचे घरमालक केशवराव. त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो. माणूस वाईट नव्हता, पण दुपारची झोप आणि माझी गाडी या दोन गोष्टी त्यांच्या घरात एकत्र नांदत नव्हत्या. त्या शनिवारी संध्याकाळी ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत, यावरूनच मी ओळखलं.

"मास्तर, उद्या चार वाजता आमच्या मैनेले पाहाले पाहुने येऊन राहिले. मुलाचा बाप मोठा शांत माणूस हाये म्हनतात. उद्या चार वाजता तुमची फटफटी अंगनात वाजली, तं परवा तुमचं सामान अंगनात."

एवढं बोलून ते गेले. अमरावतीत त्या काळी मास्तराला दोन खोल्या मिळणं म्हणजे काय, ते तुमच्या आजोबांना विचारा. आमच्यासारख्यांना कोणत्या गल्लीत मिळतात आणि कोणत्या गल्लीत मिळत नाहीत, तेही विचारा. मी ठरवलं, सकाळीच गाडी शाळेच्या व्हरांड्यात नेऊन ठेवायची.

रविवारी सकाळी चार माणसांनी ढकलून गाडी सुरू करून दिली. ती एकट्याच्या लाथेने सुरू होत नसे, तिला समाज लागत असे. सुरू झाल्यावर मी ती अंगणात स्टँडवर लावली, थोडी गरम होऊ दिली, आणि टोपी आणायला घरात गेलो. मास्तराने उघड्या डोक्याने रस्त्यावर जाऊ नये असं मला वाटायचं.

टोपी खुंटीवर नव्हती. पेटीच्या मागे पडली होती. ती सापडेपर्यंत मी दोनदा वाकलो असेन. तेवढ्यात बाहेरून इंदूचा, म्हणजे माझ्या बायकोचा आवाज आला, "अहो, गाडीची किल्ली कुठी गेली?"

टोपी तशीच टाकून मी बाहेर आलो. कुलपाचं भोक रिकामं होतं आणि गाडी धडधडत होती.

"आजीनं नेली," वच्छी म्हणाली.

"कधी?"

"आत्ता. गल्लीच्या तोंडापाशी एसटीत बसली ना आजी. अकोल्याले गेली."

आई त्या दिवशी माझ्या बहिणीकडे, माणिककडे जाणार होती हे मला माहीत होतं. जाता जाता तिला गाडीला लटकलेली किल्ली दिसली, आणि हात सवयीने पुढे झाला. गाडी चालू होती हे तिला ऐकू येत नव्हतं असं नाही, ते बडनेऱ्यालाही ऐकू जात असेल. पण तिचा हिशेब वेगळा होता. तो तिनेच मला पुढे सांगितला.

मी घाईने बटन दाबलं. भोंगा वाजला. पुन्हा दाबलं, पुन्हा वाजला. आतापर्यंत जे आले नव्हते तेही आले.

मुलांनो, माणूस अडचणीत सापडला की त्याला मदत मिळत नाही असं म्हणतात, ते आमच्या गल्लीला लागू नव्हतं. तिथे इतकी मदत मिळायची की अडचण कुठे आहे ते शोधावं लागायचं. पहिल्यांदा नत्थुजी पुढे झाले. ते पिठाची गिरणी चालवत, म्हणजे इंजिनाचे जाणकार. पेट्रोलचा नळ बंद करा, म्हणाले. नळाचा कान मागेच मोडला होता आणि उरलेला दांडा जागचा हलत नव्हता. मग त्यांनी प्लगची तार उपसायला हात घातला. हात त्यांनी घातला इतकं मी पाहिलं. त्यानंतर ते तुळशीच्या कट्ट्याजवळ बसलेले दिसले. प्लगच्या झटक्याने तोंड उघडंच राहिलं होतं.

शेषराव म्हणाले, "धुराड्यात ओलं पोतं कोंबा. श्वास बंद झाला की बसन गपचिप."

आम्ही पोतं भिजवून कोंबलं. गाडी क्षणभर गप्प झाली. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तोफेसारखा आवाज झाला, पोतं उडालं आणि काजळीसकट केशवरावांच्या बाजेवर पसरलं. त्या कुरडया पाहुण्यांना तळून वाढायच्या होत्या. आता त्या कोणालाही वाढण्यासारख्या राहिल्या नव्हत्या.

तुमच्यातला एखादा हुशार मुलगा मघापासून बोट वर करून बसला असेल, की गुरुजी, गाडी गिअरमध्ये टाकून क्लच सोडला की ती बंद पडते. शाबास. मीही तेच केलं. पण मागचं चाक स्टँडवर अधांतरी होतं. ते मोठ्या खुशीने गरगर फिरायला लागलं आणि त्याच्या वाऱ्याने उरलेल्या कुरडयाही उडाल्या. मग स्टँडवरून खाली घेऊन दोनदा केलं, तर गाडी दोनदा मला घेऊन फाटकापर्यंत गेली. एरवी शेळी आडवी आली तरी हिचा जीव जायचा. त्या दिवशी तिला अमरपट्टा मिळाला होता.

घराघरातून किल्ल्या आल्या. पेटीच्या, कपाटाच्या, धान्याच्या कोठीच्या, एक घड्याळाची. एकही बसेना. सत्तारभाईंकडे माणूस धाडला, तर ते लग्नाला दर्यापूरला गेलेले. मी म्हणालो, चालू गाडीच शाळेत नेऊन ठेवतो. शेषरावांनी मान हलवली.

"बंद गाडी ठेवाले हेडमास्तरची तोंडी परवानगी पुरते. चालू गाडीले लेखी लागन. अन् रविवारी लेखी भेटत नाही."

केशवराव ओट्यावर येऊन उभे होते. नुसते आधी कुरडयांकडे पाहायचे, मग घड्याळाकडे, मग आमच्या दोन खोल्यांच्या दाराकडे.

शेवटी शेषरावांनीच निकाल दिला. "पेट्रोल किती हाये?"

"अर्धी टाकी."

"म्हनजे उभी राहिली तं संध्याकाळपर्यंत वाजते. चालली तं मूर्तिजापूरपर्यंत जाते. वाजवण्यापरीस चालवा. अन् चालवाचीच हाये तं अकोल्याकडं चालवा. चाबी तिकडंच हाये."

युक्तिवादात कुठेतरी भोक होतं, पण त्या आवाजात ते सापडेना. इंदू म्हणाली, "वच्छीले घेऊन जा. तुमी कुठी उतरले तं चालू गाडीपाशी कोनी तं पाहिजे."

वच्छी मागच्या सीटवर कधीच बसली होती. चांगला फ्रॉक घालून, वेणीला रिबन बांधून. कधी बांधली कोण जाणे.

अशा रीतीने, मुलांनो, एक गाडी बंद करण्यासाठी मी ती साठ मैल चालवायला निघालो. गल्लीच्या बाहेर पडल्यावर डोक्याला वारा लागला, तेव्हा लक्षात आलं की टोपी पेटीमागेच राहिली.

रस्ताभर वच्छी मागून विचारत होती, हे कोणतं गाव, ते कोणतं झाड, अकोल्यात किल्ला आहे ना, तो आपल्याला दिसेल ना. मी मनातल्या मनात सामान अंगणात मांडत होतो. पेटी इथे, कपाट तिथे, आई पेटीवर बसलेली.

मूर्तिजापूरला टाकीचा तळ वाजायला लागला. मनात आलं, संपू द्यावं. इथेच बंद पडेल, सुटलो. पण मग परक्या गावात हे धूड ढकलणार कोण? आणि हिला पुन्हा सुरू करायला लागणारा समाज इथे कुठून आणायचा? मी घुटमळलो, तेवढ्यात वच्छी म्हणाली, "बाबा, अकोला आता जवळच हाये ना?"

मी पंपावर गाडी घेतली. पंपवाल्याने माझ्याकडे न पाहता पाटीकडे बोट दाखवलं. इंजिन बंद करा.

"बंद होत नाही," मी ओरडलो.

"तं पेट्रोल नाही."

"अहो, बंद करायलाच अकोल्याला चाललो."

त्याने आता माझ्याकडे नीट पाहिलं. उघडं डोकं, काजळीने भरलेला कोट. "मंग बंद करून जा ना," तो म्हणाला.

"बंद करता आली असती तर गेलो कशाला असतो?"

"बंद असती तं गेले कसे असते?"

मी पंधरा वर्षं व्याकरण आणि गणित शिकवत होतो, पण हे गणित मला फळ्यावरही सोडवता आलं नसतं. आम्ही असे उभे असताना गावोगाव थांबत मागे राहिलेली अकोल्याची एसटी समोरच्या रस्त्याने गेली. खिडकीत आई होती. तिने वच्छीला पाहिलं, मला पाहिलं, आणि अगदी कौतुकाने हात हलवला. वच्छीनेही हलवला. मी बटन दाबलं. भोंगा वाजला. आईला वाटलं, मीही निरोप देतो आहे. एसटी वळणाआड गेली.

शेवटी पंपवाल्याने तोड काढली. तार-कुंपणाशी त्याची हद्द संपत होती. वच्छीला गाडीवर बसवून मी गाडी कुंपणापलीकडे उभी केली, डब्यातून पेट्रोल आणलं, आणि त्याच्या नियमाच्या बाहेर उभं राहून माझ्या जिवावर ओतलं. तसं तुम्ही कोणी करू नका. तो आतून लक्ष ठेवून होता. माझ्यावर नाही, हद्दीवर.

अकोल्यात शिरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, आणि डोक्यावर दुसरं काही नव्हतं. कोर्टासमोर शिपायाने हात आडवा केला. इथे आवाज करायला मनाई आहे, गाडी थांबवा, म्हणाला. मी थांबवली. थांबल्यावर तर तिचा आवाज त्याला आणखीच नीट ऐकू येऊ लागला. त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात हलवून म्हणाला, "जा बावा, तू जा लवकर." माझ्या आयुष्यात पोलिसाने केलेला तो सर्वांत सुज्ञ हुकूम.

माणिकचं घर आलं. मी दारात गाडी उभी केली. माणिक बाहेर आली, आणि मला पाहताच तिने पदर डोळ्याला लावला. मला कळेना. मग लक्षात आलं. भर दुपारी, न कळवता, उघड्या डोक्याने भाऊ दारात उभा, तोंडाला काजळी, मागे पोर. आपल्याकडे याचा एकच अर्थ होतो.

"वहिनी गेली का रे?" ती गाडीपेक्षा मोठ्याने ओरडली.

"नाही, नाही."

तिला 'नाही' एवढंच ऐकू आलं. "नाही राहिली," ती शेजारणीला म्हणाली. शेजारीण रडायला लागली. तिने इंदूला कधी पाहिलंही नव्हतं. पलीकडच्या घरातून एक म्हातारा टोपी काढून बाहेर आला. माझं दुःख हलकं करायला पुरुष मंडळी जमू लागली. मी जितका हात हलवून नाही म्हणत होतो, तितका ती मला धीर देत होती.

तेव्हा वच्छी सीटवर उभी राहिली आणि ओरडली, "आत्या, कोनी नाही मेलं. गाडी मरून नाही राहिली."

हे समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर माणिकने डोळे पुसले, आणि मग तिला राग आला. "मंग टोपी काहून नाही घातली?" या प्रश्नात तिची बाजू बरोबर होती.

"माय कुठे आहे?"

"माय? ते आली अन् दारातूनच याहीच्यासंगं बार्शीटाकळीले गेली. तिकडं आमच्या दिराच्या लेकराचं बारसं हाये ना." 'याही' म्हणजे माझे मेहुणे खुशालराव.

मी गाडीकडे वळलो. पण आमच्या माणिकच्या दारातून भाऊ उपाशी जाणं शक्य नव्हतं, आणि मी आत जाणंही शक्य नव्हतं. म्हणून ताट रस्त्यावर आलं. एका हातात हँडल, एका हातात भाकर, असा मी जेवलो. गर्दी हलली नव्हती. दुःखाला आलेली माणसं जेवण पाहून जावं म्हणून थांबली होती. वच्छी सीटवर मांडी घालून आमरस ओरपत होती, आणि तिच्या तोंडावर मी तोपर्यंत कधी न पाहिलेला आनंद होता. जाताना माणिकने तिला किल्ला दाखवायला गाडी त्या रस्त्याने न्यायला लावली. वेळ किती झाला होता हे मी कोणाला विचारलं नाही.

बार्शीटाकळीला बारशाचा मांडव शोधावा लागला नाही. आमचा आवाज ऐकून मांडवच आम्हाला पाहायला बाहेर आला. खुशालरावांनी जयभीम केला आणि काही विचारलं नाही. त्यांचा तो स्वभावच. आई पाळण्याजवळ बसली होती.

"माय, किल्ली," मी म्हणालो.

"हे काय, हाये ना." तिने कमरेचा जुडगा वाजवला. "हरपली वाटली का तुले? एवढ्यासाठी आला उन्हाचा? पोरीलेबी तापवलं."

"तू ती काढली काहून? गाडी चालू होती ना."

"मंग? चालूच होती." तिने माझ्याकडे मी तिसरीत असताना पाहायची तसं पाहिलं. "कुलूप उघडलं की चाबी काढून घेते मानूस. उघडल्यावर कोनी कुलपात चाबी लटकून ठेवते काय?"

मला सांगा, यात चूक कुठे आहे? मी पुढे बऱ्याच इंजिनियर लोकांना विचारलं. तेही म्हणाले, तसं बरोबर आहे.

आई बाहेर आली. सगळ्या मांडवादेखत तिने किल्ली कुलपात घातली आणि उजवीकडे फिरवली. गाडी दोन उचक्या देऊन गप्प झाली.

सकाळपासून कानात दुसरं काही नव्हतं. ती शांतता इतकी मोठी होती की पाळण्यातलं लेकरू, जे त्या सगळ्या धडधडाटात गाढ झोपलं होतं, ते दचकून जागं झालं आणि टाहो फोडून रडायला लागलं. आठ-दहा बायका माझ्यावर खवळल्या. एकीने तर पुन्हा सुरू कर म्हणून सांगितलं.

परतायचं म्हटल्यावर आई किल्ली देईना. ती अजून दोन दिवस राहणार होती, आणि घरची किल्ली जुडग्याबाहेर जाणार नव्हती. मांडवात पंचायत बसली. खुशालराव तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा बोलले, "पोरीपाशी द्या." ते आईला पटलं. तिने किल्लीत लांब काळा दोरा ओवला, वच्छीच्या गळ्यात बांधला आणि म्हणाली, "हे तुह्या जिम्म्याले. कोनाले द्याची नाही. मले सोडून." वच्छीने मान हलवली. तिने प्रत्येक शब्द नीट ऐकला होता, हे मला पुढे कळलं.

अमरावतीत पोचलो तेव्हा दिवे लागले होते. गल्लीच्या तोंडाशीच मी वच्छीकडून किल्ली फिरवून घेतली आणि गाडी ढकलत अंगणात आणली. केशवराव ओट्यावर बसले होते.

"पाहुने आले?" मी विचारलं.

"येऊन गेले."

"मग?"

"मुलाच्या बापानं काय विचारलं, ठाऊक हाये? म्हने, तुमच्या इथं फटफटीवाले राहतात म्हनून ऐकलं, कुठी हाये फटफटी? पोराले पाहाची होती." केशवराव उठून उभे राहिले. "वर्षभर माह्या उरावर वाजवली, मास्तर. अन् नेमकी आजच नेली अकोल्याले?"

माफी मागायला मी डोक्याकडे हात नेला. उतरवायला टोपीही नव्हती.

"पुढच्या रविवारी येऊन राहिले ते बोलनी कराले. गाडी इथीच पाहिजे, अंगनात. पाहुने फाटकातून येतील तवा चालू पाहिजे. अन् पाहुने बसले की बंद. एकदम बंद. बोलनी ऐकू आली पाहिजेत. नाही तं सामान..."

"अंगणात," मी म्हणालो.

तो आठवडा मी मोठ्या तयारीत काढला. सत्तारभाईंना बटनाची तार परत जोडायला सांगितलं. "क्या जरूरत? चाबी है ना," ते म्हणाले. खरंच किल्ली होती. वच्छीच्या गळ्यात होती, रात्रीसुद्धा; आई परत आली तरी तिने ती पोरीपाशीच राहू दिली होती. मी तिला जबाबदारी म्हणजे काय हे दोनदा समजावून सांगितलं. तीही शहाण्यासारखी ऐकायची, आणि शेवटी एकच विचारायची, "बाबा, आता दर्यापूरले कधी जाचं?" दर्यापूरला आईचे भाऊ होते. मी म्हणायचो, पाऊस पडून गेला की.

रविवार आला. कुरडया नव्या होत्या. चार वाजता पाहुण्यांचा टांगा गल्लीच्या तोंडाशी दिसल्याची खबर आली. चार जणांनी ढकलून गाडी सुरू करून दिली. मी ती स्टँडवर लावली. किल्ली कुलपात होती, दोरा वच्छीच्या गळ्यात होता, आणि वच्छी गाडीला चिकटून उभी होती. आई नव्या लुगड्यात, हातात पिशवी घेऊन दारातून निघत होती, भावाकडे जायला. केशवराव फाटकात हात जोडून उभे होते. सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त माझ्या डोक्यावर टोपी नव्हती, आणि या वेळी ती मी विसरणार नव्हतो. मी आत गेलो. ती खुंटीवरच होती. मी ती घातली, आरशात पाहिलं, आणि बाहेर आलो.

गाडी धडधडत होती. टांगा फाटकाशी थांबत होता. वच्छी चांगला फ्रॉक घालून मागच्या सीटवर बसली होती, मांडीवर भाकरीचं गाठोडं होतं आणि गळ्यात दोरा नव्हता. गल्लीच्या टोकाला आईचा जुडगा वाजत वाजत वळणाआड गेला.

वच्छी थोडी मागे सरकली, मला पुढे जागा करून दिली, आणि आवाजातही ऐकू यावं म्हणून माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "बाबा, दर्यापूरची एसटी साडेचारले सुटते. टोपी घट्ट बसवा."